पळत पळत नेम : प्रॅक्टिकल शूटिंग, त्याचे नियम आणि आपली खानदेशातली रेंज

गिरणाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

गेल्या दोन महिन्यांत आठ-दहा जणांनी मला एकच प्रकारचा व्हिडिओ पाठवला. कमरेला पिस्तूल, कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा. ‘बीप’ वाजतो आणि गडी आडोशांमधून पळत पुठ्ठ्याच्या टार्गेटवर गोळ्या झाडत सुटतो. लोखंडी पत्रे धडाधड आडवे होतात. खाली प्रश्न ठरलेला : "भाऊ, हे जळगावला शिकवता का?" फोनवर सांगून सांगून थकलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

या खेळाला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. १९७६ साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, स्थापन झाली. जेफ कूपर पहिले अध्यक्ष. ब्रीद तीन लॅटिन शब्दांचं, अर्थ अचूकता, ताकद आणि वेग. अमेरिकेतली शाखा यूएसपीएसए. मी टेक्सासमध्ये नोकरीला होतो तेव्हा आठ वर्षं त्यांच्या सामन्यांत खेळलो. तीन वर्षांपूर्वी घरी परतलो आणि जिनिंगच्या एका जुन्या वखारीत दहा मीटरच्या चार लेन टाकल्या. तिथे फक्त एअर रायफल आणि एअर पिस्तूल चालतं.

आधी गुणांचा हिशोब सांगतो, कारण खेळाची खरी गोडी तिथे आहे. पुठ्ठ्यावर ए, सी, डी असे भाग आखलेले असतात. ए म्हणजे ५ गुण. सी आणि डीचे गुण तुमच्या काडतुसाच्या जोरावर ठरतात : जोरदार असेल तर ४ आणि २, हलकं असेल तर ३ आणि १. नेम चुकला तर १० वजा. मध्ये पांढरं टार्गेट असतं, म्हणजे ‘याला मारायचं नाही’. त्याला लागली तरी १० वजा. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. या आकड्याला हिट फॅक्टर म्हणतात.

समजा बारा गोळ्यांची स्टेज, म्हणजे सामन्यातला एक टप्पा, आहे. एकाने बाराही ए मारले, ६० गुण, वेळ १० सेकंद. हिट फॅक्टर ६. दुसऱ्याने हलक्या काडतुसावर आठ ए आणि चार सी मारले, ५२ गुण, पण ८ सेकंदांत. त्याचा साडेसहा. तो जिंकला. आता याच दुसऱ्याची एक सी हुकली असती तर? ४० अधिक ९ वजा १०, म्हणजे ३९. भागिले ८, पावणेपाचच्या थोडं वर. एका गोळीने पहिल्यावरून थेट खाली. घाई कुठे करायची आणि कुठे दम धरायचा हे प्रत्येक टार्गेटपाशी ठरवावं लागतं. दहा मीटरला उभं राहून ६० शॉट मारणाऱ्याची शांतता वेगळी आणि ही वेगळी. मला दोन्ही प्रिय आहेत.

आता नियम. व्हिडिओत हे दिसत नाही, म्हणून जीव तोडून सांगतो. रेंजवर कुणाचंही पिस्तूल भरलेलं नसतं. होल्स्टरमध्ये रिकामं असतं आणि रेंज ऑफिसरने सांगितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. पिस्तूल पुसायचं असेल तर सेफ्टी एरिया नावाचा वेगळा कोपरा असतो, पण तिथे एकही गोळी न्यायची नाही. तुमचा नंबर आला की ऑफिसर टायमर घेऊन मागे उभा राहतो आणि ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने बोलतो : भरा आणि तयार व्हा. तयार आहात? थांबा. मग बीप. शेवटी ‘रिकामं करा आणि दाखवा’. ऑफिसर स्वतः चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीत, डोकावतो. ‘रेंज क्लिअर’ म्हटल्यावरच बाकीचे टार्गेटकडे निघतात.

पळताना, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बदलताना बोट ट्रिगरच्या कडीबाहेर. नळी कायम गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे. तुमच्या खांद्यांपासून दोन्ही बाजूंना एक सरळ काल्पनिक रेषा काढा. नळी त्या रेषेच्या मागे केसभर आली तरी सामन्यातून बाद. पिस्तूल हातातून पडलं तरी बाद. भरताना चुकून गोळी सुटली, बाद. सगळ्या दिवसासाठी बाद, फक्त त्या स्टेजपुरतं नव्हे.

माझ्यावर ही वेळ आली आहे. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. डावीकडे पळत होतो, मॅगझिन बदलायला उजवा कोपर आत घेतला आणि नळी रेषेपलीकडे गेली. मागून ‘स्टॉप!’ ऐकू आलं. तो आवाज माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राचा होता. सकाळी त्याच्याच गाडीतून आलो होतो, दोनशे मैल. त्याने पिस्तूल रिकामं करून घेतलं, कागदावर लिहिलं, सही घेतली. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी घरी जाऊ शकत नव्हतो, गाडी त्याची. मग दिवसभर सगळ्यांच्या टार्गेटवर चिकटपट्टी लावली.

हे चिकटपट्टीचं काम म्हणजे या खेळाचा प्राण आहे. प्रत्येक खेळाडूनंतर सगळं स्क्वॉड, म्हणजे एकत्र खेळणारा गट, पुढे जातं. भोकावर पुठ्ठ्याच्याच रंगाची चौकोनी पट्टी ठेवायची आणि अंगठ्याने कडा दाबायच्या. कड सुटली तर पुढच्याच्या गोळीचा वाद होतो. पडलेले पत्रे उभे करायचे. तिथे डॉक्टर होते, ट्रक ड्रायव्हर होते, एक निवृत्त न्यायाधीश होते. सगळे वाकून पट्ट्या लावायचे. संध्याकाळी मित्राने गाडीत विचारलं, "रागावलास?" मी नाही म्हणालो आणि ते खरं होतं. त्याने मला सोडलं असतं तर पुढच्या वेळी त्याच्या पुढ्यात उभं राहायला मलाच भीती वाटली असती.

कायद्याचं आणि आपल्याकडे काय शक्य आहे याचं पुढे बोलू. विचारा.

---

अहिराणी_गडी

भाऊ, भारी लिखं. मन्हा पोऱ्या रोज इचारस, ‘बंदूक कधी?’ आते हाऊच धागा वाचाले दिसू.

---

वरणगाव_वसाहत

नमस्कार. वरणगावच्या आयुध निर्माणीत माझी एकतीस वर्षं गेली, म्हणून काडतुसाच्या ‘जोरा’बद्दल थोडं लिहितो.

ज्याला भाऊंनी जोर म्हटलं त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. गोळीचं वजन ग्रेन या मापात, वेग फूट प्रति सेकंदात, गुणाकार करून हजाराने भागायचं. १२४ ग्रेनची गोळी १०५० फुटांनी गेली तर १३०. हलक्या गटाची किमान मर्यादा १२५ आहे, म्हणजे बसली. जड गट अमेरिकेत १६५पासून. शाळेत शिकलेला संवेग तो हाच, वस्तुमान गुणिले वेग. मोठ्या सामन्यात खेळाडूकडून काही काडतुसं घेतात, एकाची गोळी उपसून वजन करतात, बाकीची वेगमापकावरून झाडतात. १२५च्या खाली आला तर खेळू देतात पण गुण धरत नाहीत.

आमच्याकडेही नमुने काढून वेग मोजल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही. एक सांगतो, काडतुसातली दारू तापली की बहुतेक वेळा वेग वाढतो. आपल्या भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात काडतुसाची पेटी उन्हात ठेवून मोजमाप घेतलं तर आकडा फसवा येणार. सावलीत ठेवा, मग मोजा. भाऊंची सहीची गोष्ट वाचून बरं वाटलं. आमच्या तपासणी खात्यातही मित्राचा लॉट म्हणून कुणी पुढे ढकलत नसे.

---

सातपुडा_पायथा

भाऊ, माझ्याकडे बारा बोअर आहे, परवान्याची. रानडुकरं केळीच्या बागेत घुसतात म्हणून वडिलांनी घेतलेली. प्रॅक्टिकलमध्ये शॉटगनचाही प्रकार असतो म्हणे. मळ्यातच चार फळ्या उभ्या करून सराव केला तर चालेल का? जागा मोकळी आहे, पलीकडे नाला.

---

गिरणाकाठ

दादा, नाही. शॉटगनचा प्रकार असतो हे खरं, पण मळ्यात नाही. पलीकडे नाला म्हणजे गोळी अडवायला काहीच नाही. नाल्यात गुरं असतात, पोरं असतात. परवान्याचं कुणी जाणकार सांगेल.

---

निवृत्त_कारकून

जाणकार म्हणवत नाही, पण जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याच्या टेबलावर बरीच वर्षं काढली.

मूळ कायदा १९५९चा, सध्याचे नियम २०१६चे. परवाना कोणत्या कारणासाठी दिला हे त्यावर लिहिलेलं असतं : स्वसंरक्षण, पीक संरक्षण, खेळ. सातपुडाभाऊ, पिकासाठी दिलेली बंदूक मळ्यात खेळायला वापरायची नाही. खेळायची इच्छा असेल तर आधी मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सभासदत्व, मग त्याप्रमाणे अर्ज.

पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, २०१९च्या दुरुस्तीने दोन झाली. त्याच दुरुस्तीत लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. ही गोष्ट आपल्याकडे अजून पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

आणि व्हिडिओतल्या पिस्तुलाबद्दल. त्यातली बहुतेक ९ मिमीची असतात. ते बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. त्यामुळे ‘मागवून घेऊ’ हा विचारच सोडा. ज्या एअर रायफलची आणि एअर पिस्तुलाची ताकद २० जूलपेक्षा जास्त नाही आणि नळी ४.५ मिमीपेक्षा मोठी नाही, त्यांना परवाना लागत नाही. गिरणाकाठ भाऊंच्या रेंजवर तेच चालतं, म्हणून ते चालवू शकतात.

---

धागा_व्यवस्थापक

सूचना : हत्यारं किंवा काडतुसं विकत घेणं-देणं, दुरुस्ती, काडतुसं घरी भरणं यांबद्दलचे प्रतिसाद काढले जातील. दोन काढले आहेत. चर्चा छान चालली आहे, चालू द्या.

---

पांझराकाठ

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. दर महिन्याला पेपरात बातमी असते : सीमेपलीकडून आलेला गावठी कट्टा, अमुक तरुण अटकेत. वाढदिवसाला कमरेला लावून फोटो काढणारी पोरं माझ्याच गल्लीत आहेत. अशा वातावरणात मुलांना पळत गोळ्या मारायचा खेळ दाखवायचा, त्यात ‘ताकद’ आणि ‘वेग’ हे शब्द वापरायचे, हे मला पटत नाही. कबड्डी आहे, कुस्ती आहे. बंदूकच कशाला?

---

गिरणाकाठ

पांझराकाठ भाऊ, राग कसला. मी ही वखार उघडली तेव्हा आईने शब्दशः हाच प्रश्न विचारला होता.

तुम्हाला मागच्या दिवाळीतली गोष्ट सांगतो. आमच्याकडे एका मोठ्या घरातला मुलगा यायचा. हात स्थिर, नजर चांगली, तीन महिन्यांत ६० शॉटमध्ये ५४०च्या पुढे गेला. एक दिवस लेनवर उभा असताना मागून मित्राने हाक मारली आणि तो पिस्तूल हातात धरूनच वळला. बोट ट्रिगरवर. पेलेट (एअर पिस्तुलाचा छर्रा) भरलेली नव्हती. मी थांबवलं, पिस्तूल टेबलावर ठेवायला लावलं आणि महिनाभर लेनवर उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं. त्याचे वडील आम्हाला एक इलेक्ट्रॉनिक टार्गेट देणार होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ‘रिकाम्या पिस्तुलासाठी एवढं?’ टार्गेट आलं नाही. आम्ही अजून दोरी ओढून कागद पुढे-मागे करतो.

मुलगा मात्र महिन्याने परत आला. आता नवीन मुलांना पहिल्या दिवशी तोच सांगतो. त्याला मी कट्ट्याचा फोटो दाखवला असता तर त्याची नजर आधी बोटाकडे आणि मग नळी कुणाकडे आहे तिकडे गेली असती. फोटोतलं पोरगं त्याला हिरो वाटलं नसतं. एवढंच मला येतं, आणि तेवढ्यासाठी मी रोज पाचला उठतो. तुमच्या गल्लीतलं एखादं पोरगं पाठवा. मी पैसे घेणार नाही.

---

पांझराकाठ

वाचलं. विचार करतो.

---

आई_नंदुरबार

भाऊ, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. शाळेच्या शिबिरात एअर रायफल हातात घेतली तेव्हापासून वेड लागलंय. तिलाही तेच पळत मारायचं आहे. प्रश्न तीन. पळण्याचा प्रकार होणार नसेल तर ती निराश होईल, तिला काय सांगू? साहित्याचा खर्च कितपत? आणि ते जाड जाकीट आपल्या उन्हाळ्यात अंगावर कसं सहन होतं?

---

गिरणाकाठ

ताई, उलट्या क्रमाने सांगतो.

जाकीट. रायफलवाल्यांचं कॅनव्हास-चामड्याचं असतं, त्याचं कापड २.५ मिमीपेक्षा जाड चालत नाही. पत्र्याच्या वखारीत एप्रिलनंतर ते घालून दुपारी उभं राहणं शक्य नाही. आम्ही सकाळी साडेसहा ते नऊ एवढंच करतो, आत सुती बनियन, बाजूला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. मुलांना चक्कर आली तर त्या दिवशी सराव बंद. पिस्तुलाला जाकीट लागत नाही, हेही लक्षात घ्या.

खर्च. जर्मन रायफल लाखांत जाते, त्याकडे आत्ता बघूच नका. पहिलं वर्ष क्लबच्या हत्यारावर काढा. स्वतःचं काय घ्यायचं? बसेल असा चष्मा, सपाट तळाचे बूट आणि एक वही. हवेचा सिलिंडर असलेली रायफल पुढे घ्याल तेव्हा सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षं झाली की स्पर्धेत चालत नाही. जुनी रायफल स्वस्तात मिळते तिचं कारण पुष्कळदा तेच असतं. त्यात २०० बारची हवा असते, आपल्या उन्हात बंद गाडीत कधीही ठेवू नका. सराव झाल्यावर साबणाने हात धुवायचे, पेलेट शिशाचे असतात. त्याआधी खाऊचा डबा उघडायचा नाही.

आता तिच्या निराशेचं. तिला एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका दाखवा. अर्धा मिलिमीटर. दहा मीटरवरून. तो लागल्याशिवाय पळायला कोणी निघत नाही. आणि वेगाची हौस आपल्या ऑलिम्पिक प्रकारांतही भागते. महिलांच्या २५ मीटर पिस्तुलात दुसरा टप्पा असा असतो : हात ४५ अंशांत खाली, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत उचलून एक शॉट, मग सात सेकंद थांबा, परत. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटवर पाच शॉट, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. विजय कुमार यांचं २०१२चं लंडनचं रौप्य त्यातलंच. चार सेकंदांत पाच टार्गेट. बीपवाल्या व्हिडिओपेक्षा हे सोपं नाही हे तिला दाखवून द्या.

---

भुसावळ_जंक्शन

आणि ताई, स्वप्नील कुसाळेचं नाव तिला सांगाच. पॅरिस २०२४, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून), कांस्य, ४५१.४ गुण. कोल्हापूर जिल्ह्यातल्या छोट्या गावातला मुलगा आणि मध्य रेल्वेत नोकरीला, म्हणजे आमचाच माणूस. अंतिम फेरी चालू असताना आमच्या ऑफिसात कुणी चहाला उठलं नव्हतं.

---

सातपुडा_पायथा

भाऊ, मळ्याचा विचार सोडला. कारकूनसाहेब, आभारी आहे. नुसतं बघायला आलो तर चालेल का?

---

गिरणाकाठ

या ना दादा. बघायला येणाऱ्याला कागदं बदलायचं काम मिळतं, आधीच सांगतो. ताई, तुम्हीही मुलीला घेऊन या, रविवारी. पहिला दिवस फक्त आज्ञा आणि दोरी. दोरी म्हणजे सेफ्टी फ्लॅग. केशरी रंगाची, नळीच्या पूर्ण लांबीतून आरपार जाऊन दोन्हीकडून दिसली पाहिजे, म्हणजे लांबूनही कळतं की आत काही नाही. आज्ञा झाल्याशिवाय ती काढायची नाही.

---

आई_नंदुरबार

जाऊन आलो रविवारी. लिहायला चार दिवस लागले.

भाऊंनी तिला तासभर कागदं बदलायला लावलं. सातपुड्याचे दादाही होते, ते आणि ही दोघं मिळून दोऱ्या ओढत होते. मग रायफल हातात दिली. तिने उत्साहात आज्ञेच्या आधीच फ्लॅग ओढून काढला. त्या मोठ्या घरातल्या मुलाने, तोच असावा, शांतपणे रायफल खाली ठेवायला लावली आणि म्हणाला, आज एवढंच. एकही पेलेट मारायला मिळाली नाही.

परतीच्या गाडीत एक शब्द बोलली नाही. धरणगाव गेलं, अमळनेर गेलं. डबा उघडला तरी खाईना. दोंडाईचा यायच्या थोडं आधी म्हणाली, "आई, तसली केशरी दोरी आपल्याकडे मिळेल का? घरी काठीत घालून सराव करते."

कुठे मिळते भाऊ?

---

सातपुडा_पायथा

ताई, गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी तीच. कृषी केंद्रात मिळते, केशरीच मागा. माझ्याकडे अख्खं बंडल पडलंय, रविवारी घेऊन येतो.